थायमॉलची ताटली आणि दारात लटकलेल्या माश्या: रेडिंगच्या एका पेटीचं प्रकरण

ऑगस्ट २०२२. दक्षिण इंग्लंडमधलं रेडिंग, एका मराठी घराचं परसदार आणि तिथे युरोपीय मधमाश्यांच्या दोन पेट्या. त्यातल्या एका पेटीत व्हरोआ माइट या माश्यांवरच्या बारीक परजीवीसाठी थायमॉल या औषधाची जेल ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पेटीतल्या अर्ध्याअधिक माश्या बाहेर आल्या आणि दारावर, पुढच्या भिंतीवर घोस करून बसल्या. रात्रीही आत गेल्या नाहीत. पेटी जिची, तिचा मला फोन आला, "काका, माश्या घर सोडून चालल्यात बहुतेक. ते औषध काढून फेकून देऊ का?"

औषध फेकलं नाही आणि माश्याही गेल्या नाहीत. पण त्या आठवड्यात जे दिसलं ते नोंदवून ठेवण्यासारखं आहे. थायमॉल घातल्यावर माश्या बिथरल्या म्हणून उपचार अर्ध्यावर सोडणारे खूप भेटतात. "नैसर्गिक आहे हो, त्याने काय होतंय" म्हणून पेटीकडे फिरकून न बघणारेही तेवढेच भेटतात. या प्रकरणात माश्यांनी जे केलं त्याला प्रत्येक वेळी कारण होतं, आणि ते शोधलं तेव्हाच पुढे काय करायचं ते ठरवता आलं.

पेटी आणि तिची मालकीण

मालकीण मूळची जावळी तालुक्यातली. आजोबांकडे सातेरीच्या, म्हणजे आपल्याकडच्या देशी माशीच्या पेट्या होत्या, त्यामुळे माशीची भीती नाही आणि हाताला घाई नाही. तिचा पहिला प्रश्नही तिथूनच आलेला होता, "आजोबांनी जन्मात कधी पेटीत औषध घातलं नाही. मग इथेच का लागतं?"

उत्तर माशीच्या जातीत आहे. व्हरोआ हा मूळचा सातेरीचाच, म्हणजे आशियाई मधमाशीचा परजीवी. हजारो वर्षं एकत्र काढल्यामुळे सातेरीने त्याला आवरायला शिकून घेतलंय. तिच्या पोळ्यात तो जवळजवळ फक्त नरांच्या घरांत वाढतो. शिवाय कामकरी माश्या अंगावरचे माइट काढून टाकतात आणि बाधलेली घरं साफ करतात. युरोपीय माशी, म्हणजे मेलिफेरा, आशियात आणली गेली तेव्हा माइटला नवा यजमान मिळाला, आणि या यजमानाच्या कामकरी माश्यांच्या पिलाव्यातही, म्हणजे वाढत्या पिल्लांच्या घरांतही, त्याला अंडी घालता येऊ लागली. १९०४ साली जावा बेटावरच्या माइटला दिलेलं नावच पुढे बरीच वर्षं चाललं. मेलिफेराचा जीव घेणारी जात वेगळी आहे हे अँडरसन आणि ट्रूमन यांनी २००० साली दाखवलं, तेव्हापासून तिला व्हरोआ डिस्ट्रक्टर म्हणतात. इंग्लंडमध्ये ही कीड १९९२ साली डेव्हन परगण्यात पहिल्यांदा सापडली. महाराष्ट्रातही मेलिफेराच्या पेट्या पिकांच्या मागे फिरवणाऱ्यांना व्हरोआ चुकत नाही. सातेरीवाल्यांच्या काळज्या वेगळ्या असतात.

पेट्या ब्रिटिश नॅशनल बनावटीच्या. खाली पिलाव्याचा एक कक्ष आणि वर मधाचे दोन. तळपाट जाळीचा, आणि जाळीखाली सरकवायची एक पांढरी फळी. फळीला व्हॅसलिन फासून ठेवलं की गळून पडलेले माइट तिला चिकटतात आणि मोजता येतात. मादी माइट नुसत्या डोळ्यांनी दिसते. तांबूस तपकिरी, चपटी, लांबीपेक्षा रुंदी जास्त, दीड मिलिमीटरच्या आसपास. खेकड्याचं पिल्लू दाबून सपाट करावं तशी. जुलैच्या शेवटी एका पेटीच्या फळीवर रोज डझन-दोन डझन माइट दिसत होते आणि दुसऱ्या पेटीच्या फळीवर मोजके. जास्तवाल्या पेटीच्या समोर गवतात पंख चुरगळलेल्या दोन-तीन माश्या रांगताना तिनेच दाखवल्या. माइटबरोबर पसरणाऱ्या विषाणूचं हे लक्षण. एका वसाहतीत माइटची संख्या हजारावर जाऊ देऊ नये, असं इंग्लंडचं नॅशनल बी युनिट, म्हणजे मधमाश्यांचं सरकारी खातं सांगतं. ही पेटी त्या वाटेवर होती.

म्हणून मध काढून झाल्यावर त्या पेटीवर आधी उपचार करायचं ठरलं. दुसऱ्या पेटीतल्या काही चौकटींतल्या मधावर माश्यांनी अजून मेणाची टोपणं लावली नव्हती, म्हणून तिचं काम पंधरा दिवसांनी. एरवी शेजारशेजारच्या पेट्यांवर एकाच वेळी उपचार करावेत. एकीवर औषध आणि दुसरीवर नाही असं केलं तर माइट फिरत राहतात, आणि औषधाने गोंधळलेल्या पेटीवर शेजारीण लुटीला येऊ शकते. इथे नाइलाज होता. त्याचा फायदा एवढाच झाला की तुलनेला औषध न घातलेली एक पेटी चार हातांवर उभी होती.

थायमॉलच का

मेण आणि मध दोन्ही जपायचं असेल तर पर्याय थोडेच उरतात. पट्ट्यांच्या रूपात मिळणाऱ्या पायरेथ्रॉइड औषधांना इथले माइट दाद देईनासे झाले त्याला आता वीस वर्षं झाली. इंग्लंडमध्ये अशी प्रतिकारक्षमता पहिल्यांदा २००१ साली, पुन्हा डेव्हनमध्येच आढळली. फॉर्मिक आम्ल बंद घरांतही शिरतं, पण ते हाताळायला उग्र आणि राणीला धोक्याचं. ऑक्झॅलिक आम्लाचं खरं काम हिवाळ्यात, पिलावा नसताना. ऑगस्टसाठी थायमॉल सोयीचं.

थायमॉल म्हणजे ओव्याला ज्याचा वास असतो तेच द्रव्य. युरोपात ते थाइमच्या झुडपातून मिळालं म्हणून त्याचं नाव तसं. आपल्याकडे ओव्याचं फूल म्हणून जे पांढरे खडे मिळतात ते हेच. ताटलीवरचा पत्रा सोलला तेव्हा परसभर जो वास सुटला तो तिने लगेच ओळखला आणि थोडी निवांत झाली. ओळखीचा वास आला की वस्तू निरुपद्रवी वाटते. दोन दिवसांनी तिचं मत बदललं.

आम्ही वापरलेल्या ताटलीत ५० ग्रॅम जेल होती आणि तिच्यात २५ टक्के थायमॉल, म्हणजे साडेबारा ग्रॅम. अशा दोन ताटल्या. पहिली दहा ते चौदा दिवस, मग दुसरी, आणि सगळा उपचार चार ते सहा आठवड्यांचा. इतका वेळ लागतो कारण थायमॉलची वाफ मेणाच्या टोपणाआड जात नाही. माइटची मादी घर बंद व्हायच्या जरा आधी अळीच्या खाद्यात दडून बसते आणि कामकरी माशीच्या बंद घरात बारा दिवस सुखाने पिल्लं वाढवते. त्या काळात तिला काही होत नाही. माशी बाहेर पडली की तिच्यासोबत आई आणि मुली बाहेर येतात. त्या वेळी पेटीतल्या हवेत थायमॉल असायला हवं. म्हणजे पिलाव्याच्या निदान दोन पिढ्या झाकल्या जाईपर्यंत औषध टिकलं पाहिजे.

इथेच माश्यांच्या वागण्याची मेख आहे. स्वित्झर्लंडमध्ये अँटन इमडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रयोगशाळेत मोजून दाखवलं की हवेच्या एका लिटरमध्ये ५ ते १५ मायक्रोग्रॅम थायमॉल असेल तर चार दिवसांत जवळजवळ सगळे माइट मरतात आणि माश्या फारशा मरत नाहीत. या पट्ट्याच्या खाली माइट वाचतात आणि वर माश्यांना त्रास होतो. नॅशनल पेटीचा पिलाव्याचा कक्ष साधारण ३५ ते ४० लिटरचा. हिशेब केला तर कोणत्याही क्षणी पेटीच्या हवेत एक मिलिग्रॅमचा काही भाग, फार तर अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास थायमॉल असलं म्हणजे झालं. ताटलीत मात्र आहेत साडेबारा हजार मिलिग्रॅम.

म्हणून ताटलीत औषध किती यापेक्षा ते किती वेगाने उडतंय आणि पेटीतून किती वेगाने बाहेर जातंय, यावर सगळं ठरतं. उडण्याचा वेग तापमानावर. हवा पंधरा अंशांच्या खाली गेली की जेल जवळजवळ निपचित पडते, आणि तिशीपुढे बाष्पीभवन झपाट्याने वाढतं. बाहेर जाणं अवलंबून असतं दार, जाळी, वरची पोकळी आणि वारा घालणाऱ्या माश्यांवर. शिवाय थायमॉलची वाफ हवेपेक्षा बरीच जड असल्यामुळे ती खाली उतरते. तळाची जाळी उघडी ठेवली तर औषध गवतावर सांडल्यासारखं होतं. म्हणून उपचाराच्या काळात जाळीखालची फळी आत सरकवून ठेवायची असते.

आणखी एक गोष्ट माश्या स्वतः करतात. त्यांना हे द्रव्य घरात नको असतं. कामकरी माश्या ताटलीत उतरतात, जेलचे कण जबड्यात धरून ओढत दाराशी नेतात आणि बाहेर टाकतात. जाताना ते अंगाला, पायांना लागतं आणि चौकटीचौकटींवर पसरतं. हे औषध बनवताना माश्यांची ही सफाईची सवय धरूनच चाललेलं आहे. पहिल्या दिवशी दाराच्या फळीवर जेलचे बारीक पांढरट कण पडलेले दिसले तेव्हा तिला वाटलं औषध वाया जातंय. उलट, काम व्यवस्थित सुरू झाल्याची ती खूण होती.

चार गोष्टी एकाच दिवशी

आता त्या पेटीत नेमकं काय जमून आलं ते पाहू.

ताटली ठेवली त्याच सकाळी मधाचे दोन्ही कक्ष उतरवले होते. ते बरोबरच होतं, कारण मध वर असताना थायमॉल घातलं तर मधाला वास आणि चव लागते. पण तीन मजल्यांत राहणाऱ्या माश्या एका दिवसात एका मजल्यावर आल्या.

दुसरं, गांधीलमाश्या. ऑगस्टमध्ये इथे त्या मधाच्या पेट्यांवर तुटून पडतात, म्हणून दार जेमतेम दोन माश्या जातील इतकं अरुंद केलेलं.

तिसरं, जाळीखालची फळी सूचनेप्रमाणे आत.

चौथं, हवामान. ११ ते १४ ऑगस्टसाठी हवामान खात्याने तीव्र उष्णतेचा नारिंगी इशारा दिला होता. १२ तारखेला इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दुष्काळ जाहीर झाला. १३ तारखेला सरे परगण्यातल्या चार्लवूडला ३४.९ अंश तापमान नोंदलं गेलं. जुलैत लिंकनशरमधल्या कोनिंग्जबीला ४०.३ अंशांचा देशाचा उच्चांक झाला होता, त्यामुळे महिनाभरानंतरच्या पस्तीस अंशांचं कुणाला विशेष वाटेनासं झालं होतं. विदर्भातल्या माणसाला तर हसूच येईल. पण त्या उन्हात बंद पेटीतली जेल काय करते, हा हिशेब वेगळा.

यातली एकेक गोष्ट सुटी असती तर माश्यांनी निभावून नेली असती. अरुंद दार आणि थंड हवा चालते. उकाडा आणि मोकळी पेटीही चालते. चारही एकत्र आल्यावर आतल्या हवेतलं थायमॉल त्या ५ ते १५ मायक्रोग्रॅमच्या पट्ट्याच्या वर गेलं, आणि माश्यांना करता येण्यासारखी एकच गोष्ट उरली. बाहेर येऊन बसणं.

उकाडा की औषध?

मी पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. दारापासून खाली वीतभर लांबीचा घोस लटकत होता आणि पुढची भिंत माश्यांनी झाकलेली. घोस दिसला म्हणून लगेच औषधावर ठपका ठेवू नये. ऑगस्टमध्ये अशा घोसाला निदान चार कारणं असू शकतात.

नुसता उकाडा असेल तर माश्या दुपारी बाहेर येतात आणि हवा थंडावली की आत जातात. शेजारची पेटी नेमकी हेच करत होती. ही पेटी मात्र पहाटेही बाहेरच होती, आणि पहाटे परसात गारवा होता. प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडलेलं निरीक्षण हेच, आणि ते तिचं होतं. पाच वाजता उठून ती दोन्ही पेट्यांसमोर उभी राहिली होती.

थवा सुटण्याची तयारी म्हणावी, तर आत राणीची नवी घरं नव्हती. लुटालूट म्हणावी, तर दाराशी झटापट नव्हती, मेलेल्या माश्यांचा खच नव्हता आणि तळाच्या फळीवर फाडलेल्या टोपणांचा चुरा नव्हता. राहिलं पेटी सोडून जाणं. सोडून जायला निघालेल्या वसाहतीची कामं थांबतात. इथे त्या घोसातून माश्या परागकणांचे गोळे घेऊन आत जात होत्या. पराग आत जातोय म्हणजे आत पिलावा आहे आणि त्याला खाऊ घालणाऱ्या माश्या अजून कामावर आहेत.

दाराच्या फळीवर वारा घालणाऱ्या माश्यांची रांग होती. सगळ्यांची तोंडं दाराकडे, शेपटी बाहेर, पोट उतरतं, पंख नुसते धुरकट दिसतील इतके वेगात. तिला हे विचित्र वाटलं, कारण आजोबांच्या पेट्यांवर तिने उलटं पाहिलं होतं. तिचं बरोबर होतं. सातेरी दाराशी तोंड बाहेर करून उभी राहते आणि बाहेरची हवा आत ढकलते. मेलिफेरा तोंड आत करून आतली हवा बाहेर खेचते. नाक दाराजवळ नेलं तर त्या झोतातून ओव्याचा वास तोंडावर येत होता. पेटीने मोजून दिलेलं ते उत्तरच होतं. माश्या आतली मात्रा कमी करायला धडपडत होत्या आणि दार त्यांना पुरत नव्हतं.

काय केलं, काय नाही

औषध पूर्ण काढायचा मोह होता. पण माइट भरपूर आणि हंगाम सरत आलेला. पंधरवडा गेला असता तर हिवाळ्यातल्या माश्या ज्या पिलाव्यातून येणार तो माइटच्या तोंडी गेला असता. जाळीखालची फळी पूर्ण काढायचाही विचार झाला. त्याने माश्या तासाभरात आत गेल्या असत्या, पण औषध नुसतं खाली वाहून गेलं असतं.

तेव्हा चार बदल केले. ताटलीवरचा सोललेला पत्रा परत अर्ध्यापर्यंत ओढून जेलचा उघडा भाग निम्मा केला; उष्ण दिवसांत निम्म्या मात्रेने सुरुवात करायची पद्धत तशीही बऱ्याच जणांची आहे. चौकटी आणि आतलं झाकण यांच्यामध्ये लाकडाची रिकामी चौकट बसवून पोकळी वाढवली. आधी तिथे जेमतेम ताटली मावेल एवढीच जागा होती. दार तळहाताएवढं रुंद केलं आणि गांधीलमाश्यांसाठी समोर तिरपी काच उभी केली; माश्या वळसा घेऊन जायला शिकतात, गांधीलमाश्या काचेवर आपटत राहतात. चौथं म्हणजे पेटीवर दुपारची सावली आणि जवळ खडे टाकलेलं पाण्याचं पसरट भांडं. जाळीखालची फळी ऐन दुपारी चार बोटं बाहेर ओढायची आणि संध्याकाळी आत ढकलायची, हे काम तिच्या मुलाने घेतलं.

त्या रात्री घोस निम्मा झाला. पुढच्या पहाटे दाराशी मूठभरच माश्या होत्या. दुपारी पुन्हा आल्या, पण तेवढ्या शेजारच्या पेटीबाहेरही होत्या. १५ तारखेनंतर गडगडाटी पाऊस आला, हवा उतरली आणि घोस गेला. थंडावा आल्यावर ताटलीवरचा पत्रा पुन्हा पूर्ण मागे घेतला. हा भाग लोक विसरतात आणि उरलेला महिना निम्म्या मात्रेवर काढतात.

फळीवर माइटचा पाऊस पडला. पहिल्या चार-पाच दिवसांत इतके की मोजायचं सोडून आम्ही फळीवर चौकोन आखून एका चौकोनातले मोजले. त्यानंतर उतार, आणि मग पिलावा बाहेर पडेल तशी पुन्हा हलकी चढ. घरांतून सुटलेले माइट वाफेत सापडत होते, हे त्या चढउतारावरून कळतं.

पिलाव्याची किंमत

खरी काळजी घोसाची नव्हतीच. ती पेटी उघडल्यावर दिसली.

दहा दिवसांनी चौकटी काढल्या. ताटलीच्या थेट खालच्या दोन-तीन चौकटींवर, वरच्या अंगाला, चंद्रकोरीच्या आकाराची रिकामी घरं होती. बंद पिलावा खाली शाबूत, पण त्या कोरीत अंडी नाहीत, कोवळ्या अळ्या नाहीत, घरं चाटूनपुसून चकचकीत केलेली. थायमॉलजवळचा उघडा पिलावा माश्या काढून टाकतात हे माहीत असलेलं वागणं आहे. राणी सापडली ती सगळ्यात कडेच्या चौकटीवर, खालच्या कोपऱ्यात, ताटलीपासून जितकं लांब जाता येईल तितकी. तिथे थोडी ताजी अंडी होती, बाकी कुठेच नाहीत. म्हणजे अंडी घालणं जवळजवळ थांबलं होतं.

हे सगळं मे महिन्यात झालं असतं तर कुणी दखलही घेतली नसती. ऑगस्टमध्ये हिशेब वेगळा असतो. उन्हाळ्यातली कामकरी माशी सहा आठवड्यांत संपते. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून जन्मणाऱ्या माश्या मात्र वसंतापर्यंत जगायच्या असतात. त्यांच्या शरीरातल्या मेदपिंडांत साठवलेल्या प्रथिनांवर सगळी वसाहत हिवाळा काढते. आणि माइट नेमका हाच मेदपिंड खातो, हे सॅम्युएल रॅमसे आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवलं. त्याआधी तो माशीचं रक्त पितो अशीच समजूत होती. तेव्हा एका बाजूला थायमॉलमुळे गेलेले पंधरा दिवसांचे पिलावे आणि दुसऱ्या बाजूला माइटने आतून पोखरलेल्या हिवाळी माश्या. मला विचाराल तर कमी पण धडधाकट माश्या बऱ्या. पण हे माझं मत इंग्लंडमधल्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापुरतं आहे. हाच उपचार सप्टेंबरच्या मध्यावर सुरू केला तर पिलाव्यातला खंड भरून काढायला राणीला वेळच उरत नाही, आणि हवाही थंडावून औषध अर्धवट काम करतं.

माश्या अशा का वागतात यावर प्रयोगशाळेत बरंच काम झालंय. कीटकांच्या मज्जासंस्थेत संदेश थोपवण्याचं काम करणाऱ्या गाबा ग्राहकांवर थायमॉलचा परिणाम होतो. माइट आणि माशी दोघांच्या नसा सारख्याच तत्त्वावर चालतात. म्हणूनच थायमॉलचा तो सुरक्षित पट्टा इतका अरुंद. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात थायमॉल दिलेल्या माश्यांची उजेडाकडे जाण्याची ओढ कमी झालेली दिसली. तो प्रयोग प्रयोगशाळेतल्या माश्यांवरचा, पेटीवर तो जसाच्या तसा लावता येत नाही. पण आपण पेटीत ठेवतोय ते मज्जासंस्थेवर चालणारं द्रव्य आहे, एवढं लक्षात ठेवायला तो पुरेसा. ओव्याचा अर्क पोटदुखीवर घेणाऱ्या आपल्या लोकांना हे पटवणं जरा जड जातं.

पुढे

दुसरी ताटली ठेवताना हवामानाचा अंदाज आधी पाहिला आणि ती मधोमध न ठेवता मागच्या बाजूला सरकवली. या वेळी घोस झाला नाही. ऑगस्ट संपता संपता राणीने पुन्हा अंडी धरली, आधी कडेच्या चौकटींवर आणि मग त्या रिकाम्या कोरीतही. सप्टेंबरच्या शेवटी पिलाव्याच्या चार चौकटी भरल्या होत्या. शेजारच्या पेटीत त्याहून जास्त होत्या. तिच्यावरचा उपचार उशिरा, थंड हवेत झाला होता. माश्या अजिबात चुळबुळल्या नव्हत्या. पण डिसेंबरमध्ये दोन्ही पेट्यांत पिलावा नसताना ऑक्झॅलिक आम्ल दिलं, तेव्हा शांत राहिलेल्या त्या पेटीखालीच जास्त माइट पडले. दोन पेट्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही. तरी माश्या गप्प आहेत म्हणजे औषध लागू पडतंय, असं मी त्यानंतर गृहीत धरलेलं नाही.

वसंतात दोन्ही पेट्या जिवंत निघाल्या. तेव्हा एक प्रश्न उरला. उपचाराच्या काळात पिलाव्याच्या कक्षात जो मध साठला, त्याच्या दोन जड चौकटी शिल्लक होत्या आणि तिला त्या काढून गाळायच्या होत्या. थायमॉल मेणात मुरतं आणि तिथून हळूहळू उडून जातं. मधात ते किलोला एक मिलिग्रॅमच्या जरा पुढे गेलं की जिभेला कळतं. एका चौकटीच्या कडेचं टोपण काढून आम्ही दोघांनी बोटाने चाखलं. तिला काही लागलं नाही, मला लागलं. नवऱ्याला बोलावलं तर तो म्हणाला, "छान आहे की, खोकल्यावर चालेल." चौकटी माश्यांनाच परत दिल्या. उपचाराच्या नोंदवहीत औषधाचं नाव, बॅच, ठेवल्याची आणि काढल्याची तारीख तिने आधीच लिहिली होती. इथे ती वही पाच वर्षं जपावी लागते. त्याखाली तिने स्वतःहून आणखी एक रकाना आखलाय: पुढच्या पाच दिवसांचा तापमानाचा अंदाज.